कोंबडा न आरवणारं गाव : 'थर्टी डेज ऑफ नाइट'बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुताचे सिनेमे बघणारा म्हणून मित्रमंडळींत माझी थोडी (बद)नामी आहे. त्यामुळे दर थंडीत कुणीतरी विचारतंच, "तो अलास्कावाला व्हॅम्पायरचा सिनेमा कसा आहे रे?" मग तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतोय. शेवट फोडणारा प्रश्न तळाला ठेवलाय आणि तिथे तशी सूचनाही दिली आहे.

सिनेमा नेमका कशाबद्दल आहे?

अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो नावाचं गाव. हिवाळ्यात तिथे तीस दिवस सूर्य उगवत नाही. अंधार पडायच्या आधी ज्यांना जमतं ते दक्षिणेकडे निघून जातात आणि 563 ची वस्ती 152 वर येते. शेवटचा सूर्यास्त होतो त्याच दिवशी गावात विचित्र प्रकार सुरू होतात. बर्फातल्या एका खड्ड्यात जळून कोळसा झालेले सॅटेलाइट फोन सापडतात. कुणीतरी स्लेज ओढणारे कुत्रे मारून टाकतं. गावातलं हेलिकॉप्टर निकामी होतं. एक घाणेरडा, परका माणूस हॉटेलात येऊन कच्चं मांस मागतो. गावचा शेरीफ एबन ओल्सन त्याला पकडून कोठडीत टाकतो, पण तोवर उशीर झालेला असतो. ज्यांच्यासाठी हा माणूस वाट मोकळी करत होता ते गावात शिरलेले असतात.

सिनेमा 2007 चा, लांबी 113 मिनिटं. दिग्दर्शक डेव्हिड स्लेड. शेरीफच्या भूमिकेत जॉश हार्टनेट, त्याच्यापासून वेगळी राहणारी बायको स्टेला म्हणजे मेलिसा जॉर्ज, व्हॅम्पायरांचा म्होरक्या मार्लो झालाय डॅनी ह्यूस्टन, आणि तो कच्च्या मांसाचा गिऱ्हाईक बेन फॉस्टर. फॉस्टरला जेमतेम काही प्रसंग मिळालेत, पण कोठडीच्या गजांमागून तो जे बोलतो ते ऐकताना आपण नकळत खुर्चीत सरळ होऊन बसतो.

व्हॅम्पायरचे सिनेमे पोत्याने आहेत. यात वेगळं काय?

लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली कुठलीही भुताची गोष्ट आठवा. माणूस रात्री ओढ्याकाठच्या वाटेने निघतो, मागे कुणीतरी लागतं, तो पळतो, धडपडतो, देवाचं नाव घेतो. मग लांबून कोंबडा आरवतो आणि मागचं ते जे काही असेल ते विरून जातं. कोंबडा हा आपल्या भूतकथांमधला खरा नायक. युरोपातल्या व्हॅम्पायरच्या गोष्टींतही वेगळं काही नाही: उजाडेपर्यंत तग धरा, म्हणजे सुटलात.

या सिनेमाने तो कोंबडाच काढून घेतला. बाकी सगळं नेहमीचंच आहे: गाव, हल्ला, माळ्यावर लपलेली माणसं, एकेक करून कमी होणारी मंडळी. पण "पहाटेपर्यंत कसंही करून काढू" हे वाक्य इथे कुणालाच म्हणता येत नाही. बघणाऱ्याच्या मनातही एक घड्याळ चालू असतं, आता दोन वाजले असतील, आता चार, आता फटफटेल. ते घड्याळ इथे बंद पडतं. एवढी एकच कल्पना आहे, पण ती इतकी पक्की आहे की सिनेमातल्या बऱ्याच चुका तिच्या जोरावर पोटात घालता येतात.

बॅरो खरंच आहे का, की बनवलेलं गाव?

आहे. फक्त नकाशावर शोधायला गेलात तर बॅरो सापडणार नाही. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये गावाने मतदान घेऊन तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं जुनं इन्युपियाक नाव परत घेतलं आणि 1 डिसेंबर 2016 पासून गाव अधिकृतपणे उत्किआग्विक झालं. फरक सहा मतांचा होता! बॅरो हे नाव सर जॉन बॅरो या ब्रिटिश नौदल खात्यातल्या अधिकाऱ्यावरून आलेलं.

अमेरिकेतली सगळ्यात उत्तरेकडची ही वस्ती. सुमारे 71 अंश उत्तर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही वर पाचशे किलोमीटर. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 4,900 च्या वर होती, त्यामुळे सिनेमातला 563 चा आकडा निव्वळ सोयीचा. आणि हिवाळा आला म्हणून गाव रिकामं होत नाही. शाळा चालू, दवाखाना चालू, दुकानं चालू.

मग तीस दिवसांची रात्र तरी खरी का?

इथे सिनेमाने उलट हात आखडता घेतलाय. खऱ्या गावात सूर्य 18 नोव्हेंबरच्या सुमाराला मावळतो तो थेट 22-23 जानेवारीला उगवतो, म्हणजे साधारण 65 दिवस. उन्हाळ्यात याची भरपाई होते: मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य मावळतच नाही.

मात्र "सूर्य उगवत नाही" आणि "काळोख असतो" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सिनेमा सगळ्यात मोठी थाप इथे मारतो. 21 डिसेंबरला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवशीही, भर दुपारी तिथला सूर्य क्षितिजाच्या खाली पावणेपाच अंशांच्या आसपासच असतो. आपल्याकडे दिवेलागणीच्या वेळी, सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी जो निळसर उजेड उरतो, तसा उजेड तिथे त्या दिवशीही तीनेक तास असतो. बर्फावर तो आणखी खुलतो. मोठ्या अक्षरातलं काही असेल तर बाहेर उभं राहून वाचता येईल.

सिनेमात तसलं काही नाही. एक लालभडक सूर्यास्त, मग तीस दिवस डांबर, मग एकदम सूर्योदय. प्रत्यक्षात दिवस हळूहळू आक्रसत जातो आणि शेवटच्या सूर्यास्ताआधीचा दिवस जेमतेम तासाभराचा असतो. या व्हॅम्पायरांना दुपारचा संधिप्रकाश सोसवला असता का, हा चर्चेला मस्त विषय आहे. सोसवला नसता, तर बॅरोकरांना रोज तीन तास सुट्टी मिळाली असती आणि सिनेमा पाऊण तासात संपला असता.

जाता जाता: उत्तर ध्रुवाकडच्या उजेड-अंधारावर मराठी माणसाने फार पूर्वी डोकं खपवलंय. लोकमान्य टिळकांचा 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा ग्रंथ 1903 सालचा. वेदांत दिवसच्या दिवस रेंगाळणाऱ्या उषेचे जे उल्लेख येतात, ते ध्रुवप्रदेशातल्या पहाटेचेच असले पाहिजेत, असा त्यांचा युक्तिवाद. आर्यांचं मूळ घर तिकडे होतं हा निष्कर्ष आजचे अभ्यासक मानत नाहीत, पण तिथली पहाट एकदम होत नाही, दिवसेंदिवस चालते, हे त्यांनी नेमकं हेरलं होतं. हॉलिवूडला ते शंभर वर्षांनीही नको होतं.

गाव जगापासून इतकं तुटलेलं असतं का?

अर्धं खरं. उत्किआग्विकला बाहेरून येणारा एकही रस्ता नाही. अवजड सामान उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर समुद्रमार्गे येतं, बाकी सगळं विमानाने. पण विमानं हिवाळ्यातही येतात. अंधार असला तरी धावपट्टीला दिवे आहेत. सिनेमात शेवटचं विमान चुकल्यामुळे स्टेला अडकते. खऱ्या गावात तिला पुढचं विमान मिळालं असतं, फार तर वादळामुळे एक-दोन दिवस खोळंबा झाला असता.

गावाचं चित्रण कितपत बरोबर आहे?

डोंगर दिसले की समजायचं, हे ते गाव नाही. उत्किआग्विक समुद्राकाठी, तव्यासारख्या सपाट टुंड्रावर वसलंय, झाडं नाहीतच. सिनेमाचं चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये झालं. बर्फही इतका भुसभुशीत आणि सतत पडणारा नसतो. पाऊस-बर्फ सगळं मिळून तिथे वर्षाला पंधरा सेंटिमीटरसुद्धा पाणी पडत नाही. आटपाडी-म्हसवडकडे दुष्काळी म्हणून जी सरासरी सांगतात, तीही याच्या दुपटीहून जास्त भरेल. थोडक्यात, ते बर्फाचं वाळवंट आहे. जो बर्फ पडतो तो हिवाळाभर वितळत नाही आणि वारा त्याला इकडून तिकडे नाचवत राहतो.

दोन गोष्टी मात्र सिनेमाने बरोबर उचलल्यात, आणि त्या मला फार आवडतात.

एक, घरं जमिनीपासून उचललेली आहेत. तिथली जमीन खाली बारमाही गोठलेली असते. तिच्यावर सरळ घर टेकवलं तर घरातल्या उबेने जमीन वितळेल आणि घर खचेल. म्हणून घरं खांबांवर बांधतात आणि खालून वारा खेळता ठेवतात. सिनेमात घराखालच्या त्याच अंधाऱ्या पोकळीत एबनची झटापट होते. तिथे ताठ उभं राहता येत नाही, कुऱ्हाड नीट फिरवता येत नाही. आपल्याकडे भूत वडावर असतं किंवा विहिरीत. इथे ते पायाखाली, फळ्यांच्या दोन हात खाली.

दोन, युटिलिडॉर. गोठलेल्या जमिनीत पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप नुसते पुरून चालत नाहीत, फुटतात. म्हणून खऱ्या गावात जमिनीखालून ऊबदार बोगदे काढून त्यातून हे पाइप नेलेत. सिनेमात उरलेली माणसं शेवटी आसऱ्याला युटिलिडॉरमध्येच पळतात. तिथे मैल्याचे तुकडे करणारं एक यंत्र आहे. ते पहिल्यांदा दाखवतात तेव्हाच कळतं, यात कुणाचा तरी हात जाणार.

आणि तिथली माणसं?

इथे मात्र सिनेमा साफ कमी पडतो. उत्किआग्विकमध्ये बहुसंख्य लोक इन्युपियाट आहेत, पिढ्यान् पिढ्या देवमाशाच्या शिकारीवर जगलेले. शिकार साधली की जूनमध्ये नालुकाताक नावाचा उत्सव होतो, त्यात कातड्याची चादर चारी बाजूंनी ताणून माणसाला हवेत उंच उडवतात. यातलं काहीही पडद्यावर नाही. मूळ कॉमिकमध्ये शेरीफचं आडनाव ओलेमॉन होतं, तो स्थानिक वंशाचा होता. पडद्यावर येईपर्यंत तो गोरा ओल्सन झाला. त्याच्या मदतनिसाचं काम केलंय मनू बेनेटने, जो न्यूझीलंडचा आणि माओरी रक्ताचा. हजारो वर्षं त्या अंधारात राहिलेल्या लोकांना अंधाराबद्दल जे ठाऊक असेल, ते एका संवादात जरी आलं असतं तरी सिनेमाची उंची वाढली असती.

कॉमिक आधी की सिनेमा?

कॉमिक, 2002 साली, तीन अंकांत. लेखक स्टीव्ह नाइल्स, चित्रकार बेन टेम्पलस्मिथ. गंमत अशी की नाइल्सने ही कल्पना आधी सिनेमावाल्यांकडेच नेली होती. कुणी घेतली नाही म्हणून तिचं कॉमिक झालं, आणि कॉमिक गाजल्यावर तेच सिनेमावाले दारात आले. निर्माते म्हणून सॅम रायमी आणि रॉबर्ट टॅपर्ट. रायमी म्हणजे 'ईव्हिल डेड'वाला आणि पहिल्या तीन 'स्पायडरमॅन'चा. नाइल्सने पटकथेवर काम केलंच, शिवाय स्टुअर्ट बीटी आणि ब्रायन नेल्सन यांचीही नावं आहेत.

टेम्पलस्मिथची चित्रं फरकाटलेली, राखाडी, मध्येच रक्ताचा शिंतोडा. चेहरे ओळखू येतात न येतात. सिनेमाने रंग उडालेला, जवळपास कृष्णधवल वाटणारा पडदा ठेवून ते वातावरण बऱ्यापैकी पकडलंय.

व्हॅम्पायर कुठली भाषा बोलतात?

कुठलीच नाही, म्हणजे सिनेमासाठीच बनवलेली. ऑकलंड विद्यापीठातल्या एका भाषातज्ज्ञाच्या मदतीने ती तयार केली. घशातून काढलेले आवाज, टिचक्या, तुटक शब्द; खाली भाषांतर येतं. टापटीप कोट घातलेला, गोड बोलणारा ड्रॅक्युलाछाप काउंट इथे नाही. काळे डोळे, शार्कसारखे दात, हनुवटीवर वाळलेलं रक्त, जे कुणी पुसायच्या भानगडीत पडत नाही.

ह्यूस्टनचा मार्लो या सगळ्यांत शांत, त्यामुळेच जास्त भीतिदायक. एक मुलगी रस्त्यात पडून देवाचा धावा करते. मार्लो वाकून तिच्या तोंडचा शब्द उचलतो, "गॉड?" मग मान वर करून आकाशात इकडे बघतो, तिकडे बघतो, एखाद्याने हरवलेली वस्तू शोधावी तसा. आणि मग परत तिच्याकडे वळून अगदी साधेपणाने सांगतो, नाही. सबंध सिनेमात एवढं अंगावर येणारं दुसरं काही नाही.

लसूण, क्रूस वगैरे चालतं का?

नाही. डोकं धडावेगळं करणं किंवा सूर्यप्रकाश, दोनच उपाय. एबनच्या आजीने घरात गांजाची रोपं वाढवण्यासाठी अतिनील किरणांचा दिवा लावलेला असतो, तोही एकदा कामी येतो. म्हातारीच्या उद्योगाने गाव तगतं, हे मला भारी वाटलं.

व्हॅम्पायरला मराठीत काय म्हणायचं? पिशाच्च? वेताळ?

व्हॅम्पायरच म्हणावं. वेताळ दुसऱ्याच्या प्रेतात शिरतो आणि वर कोडी घालतो. हडळीचे पाय उलटे. मुंजा पिंपळावर राहतो आणि बऱ्याचदा निरुपद्रवी असतो. हे सगळे अतृप्त जीव आहेत, कुणाची तरी इच्छा राहिलीये, कुणाचं लग्न राहिलंय. त्यांना नारळ-लिंबू देऊन समजूत काढता येते. या सिनेमातल्या मंडळींची कसलीही इच्छा राहिलेली नाही. त्यांना फक्त भूक लागली आहे.

हिंसा किती आहे? मुलांसोबत बघावा का?

अजिबात नको. अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र आहे आणि ते पुरेपूर कमावलेलं आहे. कुऱ्हाडी चालतात, लहान मुलगी व्हॅम्पायर झालेली दाखवली आहे आणि तिचं पुढे जे व्हायचं ते होतं. कुत्र्यांवर जीव असणाऱ्यांनी पहिला अर्धा तास विशेष सांभाळावा.

चुकवू नये असा एक प्रसंग?

पहिल्या मोठ्या हल्ल्यातला, वरून घेतलेला लांबलचक शॉट. कॅमेरा गावावरून सरकत जातो, बघतो एखाद्या घारीसारखा. खाली पांढऱ्या रस्त्यावर माणसं धावतायत, पडतायत, ओढली जातायत. बंदुकीचा एखादा चमकारा, एक पेटलेलं घर, बर्फावर पसरत जाणारे काळपट डाग. कुणाचाही चेहरा दिसत नाही. एवढ्या उंचीवरून माणसाची धडपड मुंग्यांसारखी वाटते, आणि तेवढ्यात आपल्या लक्षात येतं की आपण त्यांच्याच नजरेतून बघतोय, खाणाऱ्यांच्या.

मी हा शॉट पहिल्यांदा बघितला तो मे महिन्यात, चुलतभावाच्या खोलीत, कूलरचा खडखडाट चालू असताना. तेवढ्यात लाइट गेली. दोघांपैकी कुणीच मेणबत्ती आणायला उठलं नाही.

दोष?

सगळ्यात मोठा दोष नावातच आहे: तीस दिवस. पडद्यावर मधूनच दिवसाचा आकडा येतो आणि आपण आठवडा-दीड आठवडा पुढे उडी मारतो. पण माणसं कालच लपल्यासारखी दिसतात. माळ्यावर इतके दिवस काढले तर काय खाल्लं, संडासला कुठे गेले, कोण कुणावर खेकसलं, कुणाला वेड लागायची पाळी आली? म्हाताऱ्या बापाला सांभाळणाऱ्या मुलाचा एक धागा या वाटेने जातो, पण लवकर तुटतो. सूर्य नसल्यावर दिवस कसा मोजायचा, झोप कधी लागते, या प्रश्नांत खरी भीती होती. सिनेमाने ती सोडून पुढच्या हाणामारीकडे धाव घेतली.

शिवाय थंडी. माणसं टोपी-हातमोज्यांशिवाय बाहेर फिरतात आणि कुणाचं नाकही लाल होत नाही. आमच्या घरी नाशिकच्या थंडीत याहून जास्त कपडे निघतात.

चालला का?

चालला. सुमारे 3 कोटी डॉलर्सचा खर्च, जगभरात सुमारे साडेसात कोटींची कमाई. अमेरिकेत 19 ऑक्टोबर 2007 ला लागला आणि त्या आठवड्याअखेरीला पहिल्या क्रमांकावर होता.

पुढचा भाग बघावा का?

'डार्क डेज', 2010, थेट डीव्हीडीवर. स्टेलाच्या भूमिकेत दुसरी नटी, गोष्ट लॉस एंजेलिसमध्ये. बर्फ गेला, अंधार गेला, मजाही गेली.

याच्यासारखं आणखी काही?

स्वीडनचा 'फ्रॉस्टबाइटन' 2006 चा, म्हणजे याच्याही आधीचा: लॅपलंडमधलं गाव, तीच लांबलेली रात्र, पण अंगाने विनोदी. दुसरा 2008 चा 'लेट द राइट वन इन', तोही स्वीडिश, स्टॉकहोमच्या ब्लॅकेबेर्ग उपनगरात घडणारा. तो जात्याच वेगळा आहे, हळू, एकाकी आणि हळवा. दोन्ही एकाच रात्री बघू नका. दुसऱ्यानंतर पहिल्याला हसू येणार नाही.

शेवट समजला नाही. एबन असं का करतो? (सिनेमा बघितला नसेल तर हा प्रश्न सोडून पुढच्यावर जा.)

अंधार संपत आलाय. मार्लोची टोळी पुरावा उरू नये म्हणून गाव जाळायला घेते आणि स्टेला एका लहान मुलीसोबत बाहेर एका गाडीखाली अडकलेली आहे. माणूस म्हणून एबन त्यांच्याशी लढू शकत नाही. म्हणून तो व्हॅम्पायर झालेल्याचं रक्त सुईने स्वतःच्या अंगात टोचून घेतो आणि जे त्याने थोपवायचं तेच होतो. मार्लोला मारतो, बाकीचे पळतात. मग तो आणि स्टेला गावाबाहेर बसून राहतात. महिनाभर ज्याची वाट बघितली तो सूर्य वर येतो आणि एबन तिच्या मिठीत राख होतो.

काहींना हे ओढूनताणून वाटतं. मला नाही वाटत. सबंध सिनेमाभर उजाडण्याची आस लावून ठेवली आणि शेवटी कोंबडा आरवला, तो नेमका आपल्याच माणसावर. हार्टनेटचा एरवी जरा लाकडी वाटणारा चेहरा इथे कामी येतो: तो रडत नाही, काही बोलत नाही, नुसता उजेडाकडे बघत बसतो.

खऱ्या गावात जाता येतं का?

येतं. अँकरेजहून विमान आहे, अंतर हजार किलोमीटरच्या वर. विमानतळाला वैमानिक वायली पोस्ट आणि विनोदी नट विल रॉजर्स यांची नावं आहेत. हे दोघे 1935 च्या ऑगस्टमध्ये इथून जवळच विमान कोसळून गेले. समुद्राकाठी देवमाशाच्या हाडांची कमान आहे, तिच्याखाली उभं राहून सगळे फोटो काढतात. रात्री किनाऱ्याकडे एकट्याने फिरू नका असं तिथे बजावतात, पण त्याचं कारण वेगळं आहे. समुद्रावरच्या बर्फावरून कधीकधी ध्रुवीय अस्वल गावाच्या कडेला येतं, आणि ते दिवसाउजेडीही येतं.